बुद्धी एक की अनेक?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी दिसली की, हा संघटनेचा माणूस, तेव्हा संपावर बोलेल, बोनसवर बोलेल, फार तर कामगार कायद्यावर बोलेल. आम्ही 'बुद्धी' हा विषय सांगितला. त्यांना आश्चर्य वाटले, पण सभ्यपणामुळे त्यांनी ते दाखविले नाही. आम्ही शाळा नववीत सोडली. पुढे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर. मानसशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु ज्याची बुद्धी मोजली जाते त्यालाही मोजपट्टीविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा, एवढ्याच बळावर आम्ही येथे उभे आहो.

हा विषय आमच्या वाट्याला कसा आला ते आधी सांगतो. २००९ साली एका कारखान्यात वरच्या श्रेणीसाठी लेखी परीक्षा सुरू झाली. आकृत्यांच्या मालिका पुऱ्या करा, न जुळणारा शब्द काढा, रिकाम्या जागा भरा, असे साठ प्रश्न आणि वेळ तीस मिनिटे. परीक्षा इंग्रजीत. तिला बसलेल्यांत आमचे एक फिटर मित्र होते; सारा कारखाना त्यांना मिस्त्री म्हणे. वय ४९. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चालत्या यंत्राच्या अंगाला लावावे, मूठ कानाशी धरावी आणि कोणते बेअरिंग महिन्याभरात जाणार ते सांगावे, अशी त्यांची ख्याती. निकालाच्या यादीत त्यांचे नाव तळाशी होते, आणि ती यादी गेटजवळच्या फळ्यावर लावलेली होती.

आम्ही बोलणी करायला गेलो. त्याच सुमारास आम्ही अमेरिकेतील गार्डनर नावाच्या विद्वानाचे मत वाचले होते की, बुद्धी एक नसून अनेक असतात. ते शस्त्र आम्ही मोठ्या आवेशाने उपसले. म्हणालो, "या माणसाची बुद्धी हातात आहे, कानात आहे. तुमच्या कागदावर ती कशी उतरणार?" समोरचे अधिकारी शांतपणे म्हणाले, "अगदी मान्य. म्हणूनच त्यांना आम्ही यंत्रावरच ठेवणार आहोत. ज्याची जी बुद्धी, तिला ती जागा."

आम्ही निरुत्तर झालो. आमच्याच शस्त्राने आमचा माणूस होता त्याहून घट्ट जागी खिळला गेला. जिना उतरून खाली आलो तेव्हा मिस्त्री उभे होते. "काय झालं, भाऊ?" या त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्यासाठी जे वाचन केले त्याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

प्रदर्शनातला दालनवाला आणि पॅरिसचा संशोधक

बुद्धी मोजता येईल ही कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आणणारा पहिला गृहस्थ म्हणजे इंग्लंडचा फ्रान्सिस गाल्टन. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने एक दालन उघडले. तीन पेन्स द्यावे आणि आपली नजर, कान, मुठीचा जोर, हालचालीची चपळाई मोजून घ्यावी. नऊ हजारांहून अधिक माणसे मोजून गेली. त्यापूर्वी १८६९ मध्ये त्याने ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले होते की, असामान्य बुद्धी घराण्यातून उतरते. पुराव्यासाठी त्याने इंग्लंडातील न्यायाधीशांची घराणी तपासली होती. न्यायाधीशाच्या घरात नामांकित माणसे पुष्कळ निघतात हे त्याने दाखविले. ते खरेच होते. पण त्या घरात पुस्तकांची कपाटे होती, ओळखीची माणसे होती आणि मुलाला दहाव्या वर्षी कामाला जावे लागत नव्हते, याचा हिशेब त्याने पुरेसा धरला नाही.

दुसरा गृहस्थ फ्रान्सचा आल्फ्रेड बिने. याच्याविषयी आम्हांस आदर वाटतो, कारण तो स्वतःच्या हातावर संशय घेऊ शकत असे. त्या काळच्या प्रघाताप्रमाणे त्याने शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मंद मुलांच्या डोक्यांत फरक निघाला तो अगदी नगण्य. तेव्हा त्याला शंका आली की, कोणते मूल हुशार हे आधी ठाऊक असल्याने आपलीच पट्टी नकळत सरकत असेल, आणि ही शंका त्याने छापून टाकली. मोजणारा माणूस असे उघड कबूल करतो हे प्रसंग इतिहासात थोडे.

याच बिनेने १८९४ साली तोंडी हिशेब करणाऱ्या विलक्षण माणसांवर पुस्तक लिहिले. त्यांतला एक इनोदी. इटलीच्या पिएमाँत प्रांतात लहानपणी मेंढरे राखणारा, लिहा-वाचायला पुष्कळ उशिरा शिकलेला. तो आकडे ऐकून मनात धरी. आकडे जणू त्याच्या कानात घुमत. दुसरा दियामांदी. तो आकडे डोळ्यांसमोर लिहिल्यासारखे पाही. काम एकच, वाटा दोन. 'कोणी ऐकून शिकतो, कोणी पाहून शिकतो' असे जे आज सर्रास बोलले जाते त्याचे एक मूळ येथे सापडते.

परंतु बिने एवढ्यावर थांबला नाही. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या मोठ्या दुकानातील रोखपालही त्याने याच कसोटीला बसविले. वर्षानुवर्षे हिशेब करीत आलेली ही पगारी माणसे. लहान गुणाकारांत त्यांतला सर्वोत्तम रोखपाल त्या दोन्ही चमत्कारी पुरुषांपेक्षा जलद निघाला. मोठ्या आकड्यांत मात्र चमत्कारी पुरुष पुढे राहिले. या छोट्या प्रयोगात सारा विषय आहे असे आम्हांस वाटते. देणगी आहे, वाटांचे वेगळेपण आहे, आणि सरावाचे बळही आहे. तिघांपैकी एकाचेच नाव घेणारा अर्धवट बोलतो.

१९०४ साली फ्रेंच सरकारने एक मंडळ नेमले. शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गात मागे पडणारी मुले दिसू लागली होती. त्यांना विशेष मदत द्यायची तर ती ओळखायची कशी, हा प्रश्न होता. बिने आणि त्याचा सहकारी डॉक्टर सीमों यांनी १९०५ मध्ये तीस लहान लहान कामांची कसोटी बनविली. १९०८ मध्ये ती वयाप्रमाणे लावली. मूल अमुक वर्षांच्या मुलांइतके करते, एवढेच ती सांगे. हा आकडा म्हणजे लांबीसारखे माप नव्हे, आणि तो मुलाच्या कपाळी कायमचा लिहिला जाऊ नये, असे बिनेने बजावले होते. बुद्धी वाढत नाही असे मानणाऱ्यांवर तर त्याचा राग होता. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने लहान वर्ग आणि लक्ष, स्मरण, निश्चय यांचे व्यायाम सुचविले. पुतळ्यासारखे स्तब्ध राहण्याचा खेळही त्यांत होता. वैद्य नाडी पाहतो ती औषध देण्यासाठी. बिनेची कसोटी ही अशी नाडीपरीक्षा होती. १९११ साली तो वारला.

नाडीपरीक्षेची शिक्षा झाली

पुढे काय झाले ते आपल्याकडील चळवळीच्या माणसाला नवे वाटणार नाही. मदतीसाठी केलेली यादी हकालपट्टीची यादी बनली. गॉडार्ड नावाच्या गृहस्थाने ही कसोटी अमेरिकेत नेली आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरलेल्या गरीब परदेशी माणसांवर चालविली. जर्मनीच्या स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली, आणि १९१६ मध्ये टर्मनने स्टॅनफर्डहून सुधारलेली कसोटी छापून 'बुद्ध्यंक' हा शब्द घरोघर पोचविला. बिनेला नको होता तो एकच आकडा आता प्रत्येकाच्या नावापुढे बसला.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची परीक्षा झाली. वाचता येणाऱ्यांना एक, न येणाऱ्यांना चित्रांची दुसरी. चित्रात काय कमी आहे ते ओळखा म्हणत आणि समोर ठेवीत टेनिसचे जाळे नसलेले मैदान, कर्णा नसलेला ग्रामोफोन. ज्याने जन्मात टेनिस पाहिले नाही अशा इटलीच्या वा पोलंडच्या शेतमजुराने काय ओळखावे? वाचता येणाऱ्यांच्या परीक्षेत बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाची नावे विचारली होती. हिशेब निघाला की, गोऱ्या अमेरिकन सैनिकाचे सरासरी मानसिक वय सुमारे तेरा वर्षे. असे उत्तर निघाल्यावर आमचा मिस्त्री आधी मोजण्याचे गेज तपासायला घेतला असता. त्या पंडितांनी राष्ट्रालाच मंद ठरविले.

ब्रिगम या प्राध्यापकाने १९२३ साली या आकड्यांवर ग्रंथ लिहून काही वंश बुद्धीने हलके ठरविले. १९२४ साली दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांना जवळजवळ दार बंद करणारा कायदा झाला. तो केवळ या ग्रंथाने झाला असे आम्ही म्हणत नाही. त्यामागे इतर हितसंबंध पुष्कळ होते. पण हवा अशीच होती. १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरविलेल्या एका तरुण स्त्रीचे सक्तीने वंध्यीकरण करण्यास आठ विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली. ब्रिगमने १९३० साली आपला निष्कर्ष निराधार होता असे स्वतःच छापून कबूल केले. कबुली प्रामाणिक होती, पण तोपर्यंत कायदा होऊन सहा वर्षे झाली होती.

एक शक्ती की सात?

येथे एका प्रतिपक्षालाही न्याय दिला पाहिजे. इंग्लंडच्या स्पिअरमन याने १९०४ सालीच एक निरीक्षण मांडले होते. एका विषयात वर असणारी मुले बहुधा इतर विषयांतही थोडीफार वर असतात. त्यावरून त्याने अनुमान केले की, सर्व बौद्धिक कामांमागे एक सामान्य शक्ती असावी आणि प्रत्येक कामाची आपापली वेगळी शक्तीही असावी. जुन्या गिरण्यांत एका लाइनशाफ्टवरून अनेक पट्टे जात आणि अनेक यंत्रे फिरत. तसेच हे चित्र समजावे. स्पिअरमनचे निरीक्षण शंभर वर्षांत पुन:पुन्हा खरे ठरले आहे. ते आम्हांस आवडो न आवडो, नाकारता येत नाही. वाद आहे तो त्याच्या अर्थाविषयी.

दुसऱ्या बाजूने शिकागोचा थर्स्टन. हा मूळचा इंजिनियर. १९३८ साली त्याने सात मूलभूत क्षमता सांगितल्या: शब्दांचे आकलन, शब्दांची ओघवती आठवण, आकडेमोड, अवकाशातील आकारांची जाण, स्मरण, पाहण्याची चपळाई आणि तर्क. पुढे या क्षमताही एकमेकींशी थोड्या बांधलेल्या आहेत असे दिसून आले. अशा रीतीने 'एक' आणि 'अनेक' हे दोन्ही पक्ष एकमेकांकडे दोन दोन पावले सरकले. शास्त्रात असेच व्हावयाचे.

पण शास्त्र दोन पावले सरकते तोवर राज्यकर्ते दहा पावले पळतात. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडले. १९४३ साली इंग्लंडात शाळांविषयी नॉरवुड समितीचा अहवाल आला. त्यात मुलांच्या मनाचे तीन प्रकार कल्पिले होते. ज्ञानासाठी ज्ञान घेणारी मुले, शास्त्र वा कला व्यवहारात लावणारी मुले, आणि कल्पनांपेक्षा वस्तूंशी सहज जमणारी मुले. शब्द किती गोड! कोणी हलका नाही, प्रत्येकाचा प्रकार वेगळा. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर या विचाराला अनुसरून तीन प्रकारच्या शाळा निघाल्या आणि अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुले वाटली गेली. ग्रामर शाळेत साधारण चौथा-पाचवा हिस्सा गेला. तेथून विद्यापीठाची वाट. तांत्रिक शाळा फारशा उघडल्याच नाहीत. उरलेली बहुसंख्य मुले, आणि त्यांत कामगारांची फार मोठी संख्या, तिसऱ्या प्रकारच्या शाळेत. अकराव्या वर्षी त्यांना कळले की आपण 'वस्तूंशी जमणारे' आहोत. १९६५ मध्ये मजूर सरकारने सर्वांसाठी एक शाळा करण्याचे परिपत्रक काढले, ते ही वाटणी मोडण्यासाठीच.

आता ध्यानात आले की, त्या अधिकाऱ्यांनी आम्हांस जे ऐकविले ते नॉरवुडचेच होते. बुद्धी एक म्हणा की सात म्हणा; वाटा बंद करावयाच्या असतील तर दोन्ही सिद्धांत सारखेच उपयोगी पडतात. एक बुद्धी मानणारा माणसाला खालच्या पायरीवर बसवितो, अनेक मानणारा त्याला वेगळ्या खोलीत बसवितो. पगार दोन्हीकडे तोच.

आपल्याकडे

आपल्या देशात हा विषय लवकरच आला. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील राइस यांनी १९२२ मध्ये बिनेची कसोटी हिंदुस्थानीत आणण्याचा प्रयत्न केला. मराठी आणि कानडी मुलांसाठी हे काम केले डॉ. वि. वि. कामत यांनी. त्यांचा निबंध १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि ग्रंथ १९४० साली. नुसते भाषांतर करून भागण्यासारखे ते नव्हते. इकडच्या मुलांना इकडचे प्रश्न हवेत हे मर्म त्यांनी ओळखले. पुढे अनेक दशके ही बिने-कामत कसोटी, ज्या मुलांना विशेष मदत हवी ती ओळखण्यासाठी, दवाखान्यांत वापरली गेली. म्हणजे बिनेचा मूळ हेतू येथे पुष्कळसा जपला गेला, हे अभिमानाने सांगावेसे वाटते.

परंतु त्याही आधीची एक गोष्ट आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचे उत्पन्न कष्टकरी रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गावर होतो, ही त्यांची तक्रार. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्यही घातले होते. नीट पाहा. 'कुणब्याच्या पोराला शेतीच शिकवा' असे ते म्हणाले नाहीत, आणि 'शेती सोडून व्याकरण शिकवा' असेही म्हणाले नाहीत. दोन्ही शिकवा म्हणाले. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली तेव्हाही हात आणि डोके यांची फारकत मोडणे हाच तिचा दावा होता. ती योजना पुढे का खुरटली तो निराळा विषय आहे. फारकत मात्र राहिली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानंतर वेतनाच्या याद्यांत 'अकुशल, अर्धकुशल, कुशल' हे शब्द रुळले. या शब्दांवर आम्ही आयुष्यभर भांडत आलो. ज्याला काहीच कौशल्य लागत नाही असे काम आम्ही अजून पाहिलेले नाही.

ओंडका, नारळ आणि दुधाच्या बाटल्या

आता तीन प्रयोग सांगतो. तिन्ही कामकरी माणसांचे आहेत.

रशियन मानसशास्त्रज्ञ लूरिया १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानात गेला. तेथील निरक्षर शेतकऱ्यांना त्याने चार चित्रे दाखविली: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. न जुळणारे काढा, म्हणाला. शाळा शिकलेला ओंडका काढतो, कारण बाकीची हत्यारे. शेतकरी म्हणत, ओंडका कसा काढणार? ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड हवीत कशाला? मिस्त्रींच्या प्रश्नपत्रिकेत अगदी असाच प्रश्न होता. पण लूरियाचा दुसरा निष्कर्ष आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या शेतकऱ्यांचे थोडेसेच शिक्षण झाले होते, सामुदायिक शेतीवर अल्पमुदतीचे वर्ग झाले होते, ते 'हत्यारे' हा गट सहज करू लागले. म्हणजे ती वेगळी जातकुळी नव्हती. न शिकविलेली गोष्ट होती, एवढेच.

दुसरा प्रयोग ब्राझीलच्या रेसिफे शहरातला, १९८५ साली प्रसिद्ध झालेला. रस्त्यावर नारळ वगैरे विकणारी पाच मुले, वय ९ ते १५. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले आणि इतक्या नारळांचे किती, नोट दिली तर परत किती, असे विचारत राहिले. ९८ टक्के उत्तरे बरोबर. मग त्याच मुलांना तीच गणिते कागदावर, नुसत्या आकड्यांत घातली. बरोबर उत्तरे ३७ टक्के. मुले तीच, हिशेब तोच. बदलला तो कागद.

तिसरा अमेरिकेतील बाल्टिमोरच्या दुग्धालयातला, सिल्व्हिया स्क्रिब्नर या बाईंनी केलेला, १९८४ साली प्रसिद्ध झालेला. रात्रपाळीचे कामगार थंडगार कोठीत मागणीप्रमाणे दुधाचे खोके भरीत. समजा खोक्यात सोळा नग बसतात आणि मागणी आहे 'एक खोके वजा सहा', म्हणजे दहा नग. विद्यार्थी भरले खोके घेऊन त्यातून सहा काढी. मुरलेला कामगार बाजूला पडलेले आठ नगांचे अर्धे खोके उचली आणि त्यात दोन टाकी. सहा हालचालींचे काम दोन हालचालींत. आणि हा हिशेब तो नजरेने करी. अधिक शिकलेले कारकून आणि विद्यार्थी येथे त्याच्या मागे पडले. स्क्रिब्नरबाईंनी याला काम करणारी बुद्धी म्हटले. वेतनाच्या यादीत हा माणूस 'अकुशल' होता.

सात दालने आणि त्यांची दारे

१९८३ साली हार्वर्डच्या हॉवर्ड गार्डनरचे पुस्तक आले. त्याने सात बुद्धी सांगितल्या: भाषेची, तर्क-गणिताची, संगीताची, अवकाशाची, शरीराच्या हालचालीची, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. पुढे निसर्ग ओळखण्याची आठवी मिळविली. शिक्षकांनी हे पुस्तक डोक्यावर घेतले, कारण वर्गातल्या प्रत्येक मुलात काही तरी असते हा त्यांचा अनुभव त्यात मांडला होता. त्याने पुष्कळ मुलांचा कोंडमारा थांबला असेल. ते श्रेय गार्डनरचे आहे.

परंतु खरे तेच सांगावयाचे तर, पुरावा या सिद्धांताच्या बाजूने भक्कम उभा राहिलेला नाही. २००६ साली या आठ क्षेत्रांतील कामे लोकांकडून करवून घेऊन तपासली गेली, तेव्हा विचाराची बहुतेक कामे स्पिअरमनच्या त्या सामान्य शक्तीशी बांधलेलीच दिसली. 'हा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा. तेव्हा ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवा' हे मत तर २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी काटेकोर तपासले, आणि त्याला पुरेसा आधार नाही असा निर्वाळा दिला. गार्डनरने स्वतःही आपल्या बुद्धी म्हणजे या शिकण्याच्या शैली नव्हेत असे सांगितले आहे. माणसांना आवडी असतात, कल असतात. पण नकाशा पाहूनच शिकावा लागतो, बेअरिंग ऐकूनच आणि कानस चालवूनच. पद्धत ठरते ती शिकणाऱ्याच्या शिक्क्यावरून नव्हे, शिकावयाच्या वस्तूवरून.

आणखी एक गोष्ट. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन याने १९८७ साली चौदा देशांचे आकडे तपासून दाखविले की, बुद्धिमापनाचे गुण पिढीमागून पिढी चढत गेले आहेत. एका पिढीत वंश बदलत नाही. शाळा, आहार आणि कामाचे स्वरूप मात्र बदलते.

हे सारे वाचून आम्ही आमची मागणी बदलली. मिस्त्रींसाठी वेगळा न्याय आम्ही मागितला नाही. आम्ही मागितले ते असे: परीक्षा मराठीतही घ्या, लेखी इतकेच गुण प्रत्यक्ष कामाला द्या, आणि परीक्षेपूर्वी कंपनीच्या वेळात तीन महिने शिकवा. आठ महिने बोलणी चालली. तीन महिन्यांऐवजी सहा आठवडे मिळाले. कँटीनमध्ये वर्ग भरू लागला. डिप्लोमा झालेला एक तरुण ड्रॉइंग वाचायला शिकवी, आणि वर्ग सुटला की मिस्त्री त्याला यंत्राशी नेऊन ऐकायला शिकवीत. कोण कोणत्या बुद्धीचा, हे तेथे कोणी विचारले नाही.

एकोणीस जण पुन्हा बसले, पंधरा पार पडले. चौघे राहिले, आणि त्यांतले दोघे हाताचे फार चांगले कारागीर होते, हेही सांगितले पाहिजे. सगळे झाले असे म्हणणे खोटे होईल. मिस्त्री पार पडले. पेढ्यांचा पुडा घेऊन ते संघटनेच्या कचेरीत आले, बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "भाऊ, हे काही अवघड नव्हतं हो. मला पंचवीस वर्षांपूर्वी कोणी का शिकवलं नाही?"

श्रोतेहो, बुद्धी एक की अनेक हा वाद विद्वान लोक चालवोत. तो चालावा आणि आम्ही तो वाचीत राहू. पण या मोजणीच्या इतिहासात खरा प्रश्न आम्हांस मिस्त्रींनी विचारला तोच दिसतो. बिनेने १९०५ साली कसोटी लिहिली ती या प्रश्नाचे उत्तर द्यायला, फुल्यांनी १८८२ साली निवेदन दिले ते याच प्रश्नासाठी. माणूस मोजून झाल्यावर त्याला शिकवावयाचे आहे की बसवावयाचे आहे, एवढे प्रत्येक मोजपट्टीवाल्याला विचारीत जा. आपल्या मुलाच्या शाळेतही विचारा, आणि आपल्या हाताखाली माणसे असतील तर स्वतःलाही विचारा.